आफ्रिकेतल्या साताऱ्याला गाडीनं जायचं तर

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर अभयारण्यात सातारा नावाचा मुक्कामाचा कॅम्प आहे. आपल्या गावाशी त्याचा संबंध नाही. मोजणीत १७ नंबरच्या जमिनीला कुणी हिंदीत 'सत्रह' म्हणालं, त्यावरून नाव पडलं, असं सांगतात. पण एसटीला 'सातारा' पाटी लावून २८ वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला तिथं गेल्याशिवाय राहवेना.

आधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो. मूळ लायसनही जवळ असू द्या. तिकडंही गाडी डावीकडूनच, त्यामुळं हात चुकत नाही. चुकतो तो चौकात. सिग्नल नसेल तिथं बऱ्याचदा चारी बाजूंना 'स्टॉप' असतो. जो आधी येऊन थांबला तो आधी जाणार. मी आपल्या साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या सवयीनं नाक घुसवलं, जावयानं कपाळाला हात लावला.

जोहान्सबर्गहून पहाटे निघून वाटेतलं ग्रास्कोप गाव गाठा. अंधारात चालवू नका, रस्त्यावर जनावरं येतात. पिलग्रिम्स रेस्ट हे १८७३ साली सोनं सापडलेलं पत्र्याच्या घरांचं गाव तासाभरात बघून होतं. गॉड्स विंडो या दरीच्या पॉइंटला धुकं असलं तर पावसाळ्यातल्या महाबळेश्वरच्या पॉइंटइतकंच दिसतं, म्हणजे काही नाही. तो वेळ बर्क्स लक पॉटहोल्सला द्या. निघोजसारखेच रांजणखळगे, दोन नद्यांच्या संगमावर गोट्यांनी घासून कोरलेले.

आता मुख्य गोष्ट. क्रूगरच्या ऑर्पन गेटपासून सातारा कॅम्प ४८ किलोमीटर. आपण म्हणतो, तासाभराचं काम. डांबरीवर मर्यादा ५०, कच्च्यावर ४०, आणि वाटेत जिराफ दिसला की थांबणं आलंच. तीन तास धरा. कॅम्पचं फाटक संध्याकाळी बंद होतं, वेळ महिन्यागणिक बदलते. उशीर झाला तर दंड. गाडीतून उतरायचं नाही. हत्ती आडवा आला तर हॉर्न नको, हळू रिव्हर्स घ्या. जायचं तर मे ते सप्टेंबर. गवत वाळलेलं, जनावरं पाणवठ्यावर. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून ठेवा.

सकाळी फाटक उघडताच एस-१०० या कच्च्या रस्त्याला लागा, सिंहांसाठी तो नावाजलेला. पहिल्या दिवशी आम्हाला झेब्रेच दिसले. दुसऱ्या दिवशी थर्मास भरून पुन्हा तिथंच गेलो, तर सिंहीण रस्त्याच्या मधोमध बसलेली. इंजिन बंद करून चाळीस मिनिटं थांबलो. डबल बेल द्यायला कंडक्टर नव्हता.