ज्येष्ठांनी छळाची स्वचाचणी कशी करावी

छळ म्हटले की मारहाणच डोळ्यांपुढे येते, आणि ‘माझ्यावर कोणी हात उगारलेला नाही’ असे म्हणून अनेक ज्येष्ठ तो विषय तिथेच मिटवतात. म्हणूनच चांगली प्रश्नावली ‘तुमचा छळ होतो का?’ असे न विचारता प्रत्यक्ष काय घडले ते विचारते. कॅनडात डॉक्टरांसाठी तयार झालेली, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ईएएसआय’ (एल्डर अब्यूज सस्पिशन इंडेक्स, म्हणजे ज्येष्ठांचा छळ होत असल्याची शंका तपासणारी) ही प्रश्नावली अशीच आहे. पुढे ज्येष्ठांनी ती स्वतः भरून पाहण्याचाही प्रयोग झाला.

ती गेल्या बारा महिन्यांबद्दल विचारते. अंघोळ, कपडे, जेवण, खरेदी किंवा बँकेचे व्यवहार यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागले का, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर ‘हो’ आले म्हणून छळ ठरत नाही, केवळ परावलंबन कळते. पुढचे प्रश्न अधिक बोचरे आहेत: अन्न, औषध, चष्मा, श्रवणयंत्र किंवा आवडत्या माणसांची भेट कोणी अडवली का, लाज किंवा धास्ती वाटेल असे कोणी बोलले का, मनाविरुद्ध सही करायला किंवा पैसे वापरायला भाग पाडण्याचा प्रयत्न कोणी केला का, कोणी घाबरवले, नकोसा स्पर्श केला किंवा इजा केली का.

प्रश्नावली एकट्याने भरावी. जी व्यक्ती आपली देखभाल करते तिच्यासमोर खरे उत्तर सुचत नाही, आणि सुचले तरी लिहवत नाही. वाचायला मदत लागत असेल तर ती डॉक्टर किंवा परिचारिकेकडून घ्यावी. उत्तर देताना ‘त्याचा तसा हेतू नव्हता’ हा विचार बाजूला ठेवावा, कारण इथे हेतू विचारलेला नाही; चष्म्याची काच फुटून चार महिने झाले आणि दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ एवढेच ऐकायला मिळाले, तर ते तसेच्या तसे नोंदवावे.

पहिला प्रश्न सोडून इतर कुठल्याही प्रश्नाला एक ‘हो’ आला, तरी तो डॉक्टरांशी किंवा समाजसेवकाशी बोलण्यास पुरेसा आहे. त्याने कोणाचा गुन्हा सिद्ध होत नाही. तसेच सगळी उत्तरे ‘नाही’ आली तरी मनातली भीती खोटी ठरत नाही. स्मृतिभ्रंश असल्यास मात्र या उत्तरांवर विसंबू नये, तपासणी डॉक्टरांनीच करावी.

भरलेला कागद उशीखाली ठेवू नये. तो घरात कोणाच्या हाती लागण्याची धास्ती वाटत असेल, तर दवाखान्यातच भरून डॉक्टरांच्या हाती द्यावा.