'सरदार उधम' पहिल्यांदा बघताय? मग आधी हे वाचा

सरदार उधम बघायचा असेल तर जेवता जेवता किंवा मोबाईल चाळत बघू नका, ही पहिली विनंती. शूजित सरकारचा सिनेमा, उधम सिंगच्या रोलमध्ये विकी कौशल, ऑक्टोबर २०२१ मध्ये थेट अ‍ॅमेझॉन प्राइमवर आला, लांबी पावणेतीन तासांच्या आसपास. बरेच जण "स्लो आहे", "काय चाललंय कळेना" म्हणून अर्ध्यात सोडतात आणि त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण हा सिनेमा ज्याच्यासाठी बनवलाय ते सगळं शेवटच्या भागात आहे.

न कळण्याचं मुख्य कारण म्हणजे गोष्ट सरळ जात नाही, सारखी पुढे मागे होते. म्हणून बसायच्या आधी चार तारखा डोक्यात ठेवा. १३ एप्रिल १९१९ जालियनवाला बाग. २३ मार्च १९३१ भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना लाहोरला फाशी. १३ मार्च १९४० लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधम सिंगने ओड्वायरवर गोळ्या झाडल्या. ३१ जुलै १९४० पेंटनव्हिल तुरुंगात उधम सिंगला फाशी. एवढं माहीत असलं की सीन कुठल्याही वर्षात गेला तरी तुम्ही हरवत नाही.

दुसरं म्हणजे डायर आणि ओड्वायर. ही दोन वेगळी माणसं आहेत आणि इथे भलेभले गोंधळतात. जनरल रेजिनाल्ड डायरने बागेत गोळीबाराची ऑर्डर दिली, तो १९२७ मध्येच आजारपणात गेला. मायकल ओड्वायर तेव्हा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर होता, त्याने डायरचं उघड समर्थन केलं आणि नंतरही कधी पश्चात्ताप दाखवला नाही. उधम सिंगने मारला तो ओड्वायर. हे डोक्यात नसेल तर लंडनचा अख्खा भाग नुसता पाठलाग वाटतो, असेल तर तो माणूस भाषणं देत फिरतोय, मजेत म्हातारा झालाय आणि हा एवढी वर्षं त्याला आतून विसरू शकत नाहीये, हे प्रत्येक सीनमध्ये टोचत राहतं.

सबटायटल्स चालू ठेवा, कारण नाव हिंदी सिनेमाचं असलं तरी इंग्लिश डायलॉग भरपूर आहेत. आणि शक्य असेल तर चांगले हेडफोन लावा, ह्या सिनेमाला बेस्ट हिंदी फिल्मसोबत सिनेमॅटोग्राफी आणि साऊंडचंही नॅशनल अवॉर्ड आहे, फोनच्या स्पीकरवर त्यातलं निम्मं पण पोचत नाही.

ब्रेक घ्यायचाच असेल तर तुरुंगात उधम सिंग जुनं सांगायला लागतो तिथे घ्या, पाणी पिऊन या, फोन सायलेंट करा. त्यानंतर मात्र अजिबात थांबवू नका. बागेचा सीन इतर सिनेमांत पाच मिनिटांत उरकतात, इथे तो संपतच नाही. खरं काय झालं होतं तर रौलट कायद्याविरुद्ध वातावरण तापलेलं, अमृतसरचे नेते किचलू आणि सत्यपाल यांना अटक झालेली, बैसाखीचा दिवस, बागेत हजारो माणसं, आणि डायरच्या सैनिकांनी साधारण दहा मिनिटं १६५० राऊंड झाडले. सरकारी आकडा ३७९ मृत्यूंचा, काँग्रेसच्या चौकशीत हजाराच्या आसपास. वर कर्फ्यू, त्यामुळे जखमींना उचलायलाही कोणी येईना. सिनेमा नेमका त्या रात्रीत थांबतो. तरुण उधम एक हातगाडी घेऊन प्रेतांमध्ये फिरतोय, कोण जिवंत आहे म्हणून हाका मारतोय, सापडेल त्याला गाडीवर घालतो, पोचवतो, परत येतो, परत भरतो. बघताना थकायला होतं आणि दिग्दर्शकाला तेच हवंय असं मला वाटतं, म्हणून तो भाग फॉरवर्ड करू नका प्लीज.

लहान मुलांना घेऊन बसणार असाल तर शेवटचा भाग आधी एकट्याने बघून घ्या. रक्त, तुटलेले हातपाय, काहीही लपवलेलं नाही. नववी-दहावीतल्या मुलांना सोबत बसून दाखवता येईल, पण मध्ये बोलायला वेळ ठेवा.

बघून झाल्यावर एक काम नक्की करा, खरं काय आणि रचलेलं काय ते वेगळं काढा. कॅक्स्टन हॉल, खटला, फाशी, अटकेनंतर त्याने मोहम्मद सिंग आझाद हे नाव सांगणं, हे सगळं रेकॉर्डवर आहे. भगतसिंगसोबतच्या गप्पा मात्र लेखकांनी लिहिलेल्या आहेत. उधम सिंग त्या दिवशी बागेत होता का, यावर सुद्धा इतिहासकारांचं एकमत नाही. यामुळे सिनेमा कमी होत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर त्यातले संवाद "उधम सिंगचे शब्द" म्हणून फिरवू नका, कोणी पाठवलेच तर सिनेमातले आहेत एवढं सांगा. आणि पंजाबातल्या सुनामला जन्मलेल्या उधम सिंगचं अनाथ बालपण, त्याच्यावरची १९२७ ची बेकायदा शस्त्रांची केस, १९७४ मध्ये त्याचे अवशेष भारतात आणले ते, यातलं काही वाचायला मिळालं तर मग सिनेमा दुसऱ्यांदा लावा, ओड्वायरसमोरचे लंडनचे सीन तेव्हा फार वेगळे दिसतात.