आजीला ‘माहीत नाही’ कसं सांगावं

आधी स्वतःशी फरक नीट करा. नास्तिक म्हणतो, देव नाही. अज्ञेयवादी म्हणतो, आहे की नाही ते मला कळलेलं नाही, कदाचित कळणारही नाही. यासाठीचा इंग्रजी शब्द ‘अॅग्नॉस्टिक’ इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सले यांनी १८६९ मध्ये घडवला, पण आजीपुढे तो नको. मी ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा, म्हणजे सृष्टीच्या उगमावरच्या सूक्ताचा, शेवट वाचून दाखवला: सृष्टी कुठून आली, हे वरून पाहणाऱ्यालाही ठाऊक असेल, किंवा नसेलही. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे शोधतेयस तू.”

कसबा गणपतीला मी तिच्यासोबत आजही जाते, आरतीत टाळ्याही वाजवते. नवस मात्र बोलत नाही. आईच्या ऑपरेशनच्या वेळीही बोलले नाही. तिचा हात धरून बसले.