बंद कारखान्याच्या जागेवर इंडस्ट्रियल पार्क उभारताना या चुका टाळा

एमआयडीसीतला बंद कारखाना ताब्यात आला की पहिला फोन जातो भंगारवाल्याला. पत्रे, केबल, ट्रान्सफॉर्मर विकून थोडी रक्कम लगेच मोकळी होते, हे खरं. पण त्याच आठवड्यात जागेचे पुरावेही ट्रकमध्ये भरून जातात. प्लेटिंगची (धातूवर मुलामा चढवण्याची) टाकी कुठे होती, सांडपाण्याची गटार कुठून जात होती, पिंपं कुठे रचली जात, यातलं काही उरत नाही. मग मातीचे नमुने अंदाजाने घेतले जातात. आधी कागद, मग माती, मग पाडकाम आणि सगळ्यात शेवटी गाळ्यांचा नकाशा, हा क्रम मोडू नका.

लिलावात घेतलं म्हणजे देणी धुतली गेली, हा समज

'जसं आहे, जिथे आहे' या अटीवर घेतलेल्या जागेबरोबर जुनी बिलंही येऊ शकतात. वितरण कंपनीच्या नियमांत तरतूद असेल तर आधीच्या मालकाची वीजथकबाकी नव्या खरेदीदाराकडून मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये के. सी. निनान प्रकरणात स्पष्ट केलं. बोली लावण्यापूर्वी महावितरण, पाणीपट्टी, एमआयडीसीचे सेवाशुल्क आणि कामगारांची देणी यांचे आकडे लेखी मागवा.

दुसरी गोष्ट, प्लॉट भाडेपट्ट्याचा असतो. तो एका कारखान्यासाठी दिलेला असतो. त्यावर गाळे काढून भाड्याने देणं हे पोटभाडं झालं. हस्तांतराची परवानगी वेगळी, पोटभाड्याची वेगळी, आणि शुल्कही दोन्हींचं वेगळं. जुन्या शेडचं बांधकाम पूर्णत्वाचं प्रमाणपत्र मंजूर नकाशाशी ताडून पाहा. नकाशात नसलेली एखादी मागची शेड हमखास निघते.

'शेडला पर्यावरण मंजुरी लागत नाही'

हे ऐकीव ज्ञान जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेतून आलं. त्यात औद्योगिक शेडना सूट होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटरच्या पुढे जात असेल तर मंजुरीचा वेळ वेळापत्रकात धरा. आधीच्या कारखान्याचं प्रदूषण मंडळाचं संमतीपत्रही तुमच्या कामाचं नाही.

मातीचा एकच मिश्र नमुना

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. पाच ठिकाणची माती एकत्र कालवून एक नमुना प्रयोगशाळेत दिला की एका कोपऱ्यातलं क्रोमियम बाकीच्या चार जागांच्या मातीत पातळ होतं. अहवाल स्वच्छ येतो. मग पाया खोदताना खड्ड्यात पिवळं पाणी साचतं आणि काम थांबतं.

नमुने संशयाच्या जागांवर घ्या: प्लेटिंग आणि पिकलिंगचा (धातू आम्लाने साफ करण्याचा) विभाग, सांडपाणी प्रक्रियेच्या टाक्या, गटारांचे सांधे, पिंपांचा कट्टा, ट्रान्सफॉर्मरची जागा, बॉयलरच्या राखेचा ढीग. प्रत्येक ठिकाणी वरचा १५ सेंटिमीटरचा थर, मग अर्धा मीटर, एक मीटर, आणि पुढे मुरूम संपून खडक लागेपर्यंत. आपल्याकडे बेसाल्टच्या भेगांतून द्रव खाली उतरतो आणि कठीण थरावर साचून राहतो. वरची माती चांगली आहे म्हणून खालची चांगली असेल असं नाही. सॉल्व्हंटचा (उडून जाणाऱ्या द्रावकाचा) संशय असेल तर नमुना प्लास्टिकच्या पिशवीत नको, वाफ उडून जाते. काचेची बाटली काठोकाठ भरून, घट्ट बंद करून बर्फाच्या पेटीत पाठवा.

भूजलासाठी किमान तीन निरीक्षण विंधनछिद्रं त्रिकोणात घ्या. पाणी कोणत्या दिशेने वाहतं ते दोन छिद्रांतून ठरत नाही. एक मोजणी मेमध्ये, दुसरी पावसाळ्यानंतर. दूषित स्थळांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये आले आहेत, तेव्हा आढळलेलं झाकून वर काँक्रीट ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

दूषित माती उकरली असेल तर ती जाड प्लास्टिक शीटवर ठेवा, झाका, आणि जूनच्या आत हलवा. धोकादायक कचरा जागेवर साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्राकडेच, मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) गेला पाहिजे.

पाडकाम कंत्राटदारावर सोडून देणं

'टाकी कित्येक वर्षं कोरडी आहे' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. तळाशी बोटभर गाळ असतो. गॅस कटरच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि टाकी फुटते. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. फ्लँज (पाइपचा बोल्टने जोडलेला सांधा) उघडून बंद प्लेट बसवा, गाळ काढा, टाकी धुवा. मग ज्वलनशील वायू वर, मध्ये आणि तळाशी मोजा, कारण बहुतेक सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते. माणूस आत उतरणार असेल तर आत ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के असायला हवा. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजा.

जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. हातोड्याने फोडायचे नाहीत. पाणी मारून ओले करा, बोल्ट कापा, पत्रा अखंड खाली उतरवा, गुंडाळून धोकादायक कचऱ्यात द्या. त्यांच्यावर थेट पाय देऊन माणसं खाली पडतात, म्हणून फळ्या आणि सेफ्टी हार्नेस सक्तीचे ठेवा.

ट्रान्सफॉर्मर विकण्याआधी तेलातलं पीसीबी हे विषारी रसायन तपासून घ्या. ५० पीपीएमच्या (दशलक्षात ५० भाग) वर निघालं तर ते भंगारात देता येत नाही. पीसीबीचा वापरही ३१ डिसेंबर २०२५ पासून पूर्ण बंद आहे.

नवी फरशी खचते

लक्षण ओळखीचं आहे: फरशीवर चौकोनी तडा, एक कोपरा खाली, रॅक कललेली. खाली जुन्या प्रेसचा खड्डा असतो आणि पाडकामाचाच राडारोडा त्यात ढकललेला असतो. असे खड्डे शोधून पूर्ण रिकामे करा. मुरमाचे २०० ते २५० मिलिमीटरचे थर टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा, आणि प्रॉक्टर घनता (प्रयोगशाळेतल्या चाचणीत मिळालेली कमाल घनता) ९५ टक्के भरल्याशिवाय पुढचा थर नको. खांबाचा अर्धा पाया जुन्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर आणि अर्धा भरावावर ठेवलात तर तो कलणारच. ठोकळा काढा किंवा खांब सरकवा.

गाळ्यांचा नकाशा

४० फुटी कंटेनरचा ट्रेलर साधारण १६ मीटर लांब असतो. त्याला माल चढवण्या-उतरवण्याच्या डॉकसमोर काटकोनात मागे घ्यायचं तर लांबीच्या जवळपास दुप्पट मोकळी जागा हवी. जुन्या कारखान्याच्या रस्त्यांत ती मिळत नाही, म्हणून आणखी कुठल्या शेड पाडायच्या हे इथेच ठरतं. वीज प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र मीटरने द्या. परवान्याशिवाय वीज पुढे विकता येत नाही. सामायिक सांडपाणी केंद्रात जुन्या कारखान्याला किती क्षमता मंजूर होती ते आधी विचारा. लाल प्रवर्गाचे (प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत जास्त प्रदूषण करणारे) भाडेकरू घ्यायचे की नाहीत, हे त्या उत्तरावर अवलंबून आहे.

भाडेकराराला ताबा देण्याच्या दिवशीचा माती-पाणी अहवाल जोडा, आणि गाळा सोडताना त्याच बिंदूंवर पुन्हा नमुने घेण्याची अट घाला.