महामारीनंतरचा ऊर्जेचा आलेख कसा वाचायचा

सर्वात आधी 2020 बाजूला ठेवा. मी वीजभार नियंत्रण कक्षात काम करते. 2021मध्ये मी काढलेला पहिला तुलनेचा तक्ता 2020वर बेतलेला होता आणि मागणीने उसळी घेतल्यासारखी दिसत होती. प्रत्यक्षात ते खड्ड्यातून वर येणं होतं. तेव्हापासून माझा पहिला रकाना 2019चा असतो.

हिशेब हातानंच करून बघा. 2019ला 100 धरा. 2020मध्ये ऊर्जेतून होणारं जगाचं कार्बन उत्सर्जन 5 टक्क्यांहून थोडं जास्त घटलं, म्हणजे अंदाजे 95. 2021मध्ये ते 6 टक्क्यांनी वाढून 36.3 अब्ज टनांवर गेलं. 95 गुणिले 1.06, उत्तर 100.7. घट एका वर्षात पुसली गेली. 2009च्या मंदीनंतर 2010मध्येही हेच झालं होतं.

मग दिवसाचा भारवक्र, म्हणजे दिवसभरात विजेची मागणी कशी वरखाली होते ते दाखवणारी रेषा घ्या, कारण खरी गोष्ट तिथे कळते. एप्रिल 2020मधला आमचा बुधवार रविवारसारखा दिसायचा; सकाळचा चढ उशिरा आणि सौम्य. मागणी उतरली की सहसा आधी कोळशावर चालणाऱ्या वीजनिर्मिती संचांचं उत्पादन खाली आणलं जातं. वारा आणि उन्हाला इंधनाचा खर्च नसल्यामुळे त्यांची वीज आधी घेतली जाते. त्यामुळे नवं काही न उभारताही स्वच्छ विजेचा वाटा वाढलेला दिसतो. त्याचं श्रेय कोणत्याही धोरणाला देऊ नका. मागणी परतली तसे तेच संच पुन्हा पेटले आणि 2021मध्ये कोळशापासूनच्या विजेनं तोवरचा उच्चांक गाठला.

खरी सुधारणा ओळखायची तर विजेच्या दर युनिटमागे किती कार्बन निघतो ते बघा. मागणी 2019इतकी झालेला एखादा महिना निवडा आणि 2019च्या त्याच महिन्याशी ताडून पाहा, तापमानही जवळपास सारखं असू द्या. आकडा उतरला असेल, तर नवी क्षमता कामाला आली असं म्हणता येईल. तेवढाच असेल, तर अर्थव्यवस्था सावरली ती जुन्याच इंधनावर.

विमानाच्या इंधनाचा रकाना मात्र वेगळा ठेवा. ती मागणी विजेपेक्षा खूप उशिरा परतली.

तळाशी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची ओळ हवीच. हवाई बेटावरच्या मावना लोआ वेधशाळेत मे 2020मध्ये दशलक्ष भागांत 417, तर मे 2021मध्ये 419. उत्सर्जन घटलं तरी हवेतला साठा वाढतच गेला; उधारी थोडी कमी घेतली म्हणून मागची बाकी फिटत नाही. ही ओळ मी दर मे महिन्यात भरते आणि ती अजून एकदाही खाली आलेली नाही.