निसर्ग केंद्र आणि सापडलेलं पिल्लू: या चुका टाळा

अंगभर पिसं, आखूड शेपटी आणि जमिनीवर उड्या मारणारं पिल्लू दिसलं, की लोक ते अनाथ समजून उचलतात आणि केंद्रात घेऊन येतात. बहुतेक वेळा ते अनाथ नसतंच. घरट्यातून उतरल्यावर काही दिवस ते जमिनीवरच वावरतं आणि आई-बाप येऊन त्याला भरवतात. तुम्ही शेजारी उभे असाल तर ते जवळ येत नाहीत, आणि तुम्हाला वाटतं याला कुणीच नाही. लांब जाऊन आडोशाला थांबा, तासभर पाहा. मांजर फिरत असेल तर पिल्लाला जवळच्या झुडपात सरकवा. त्यापुढे काही करायचं नाही.

पिसं न फुटलेलं पिल्लू मात्र घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खोटी आहे आणि तिच्यापायी कितीतरी पिल्लं उगाच मरतात.

रक्त येतंय, पंख लोंबतोय, अंगावर माश्यांची अंडी दिसताहेत, किंवा मांजराने तोंडात धरलं होतं, तर केंद्राला लगेच फोन करा. मांजराची गोष्ट आवर्जून सांगा. दाताचं भोक पिसांखाली दिसतही नाही, पण लाळेतल्या जिवाणूंमुळे पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो. प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं.

तोवर चोचीत पाणी सोडू नका. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागेच असतं. वरून सोडलेला थेंब सरळ फुफ्फुसाकडे जातो. दूध तर नकोच, पक्ष्यांना ते पचत नाही. गार पडलेल्या जिवाला योग्य खाणंसुद्धा बाधतं, कारण थंड शरीरात पचन चालत नाही. म्हणून आधी ऊब, खाणं नंतर, आणि तेही केंद्राने सांगितलं तरच.

त्यासाठी झाकणाचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, प्राण्यापेक्षा थोडंच मोठं. पेन्सिलीएवढी भोकं प्राणी ठेवण्याआधी पाडा. तळाशी जुनं सुती कापड अंथरा. टॉवेलच्या धाग्यांत नखं अडकतात. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम वाटलं तर त्याला सरकता येतं. बाटली थंड झाली की बदला, नाहीतर तीच अंगातली ऊब ओढून घेते. खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत असू द्या आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू नका. तारेचा पिंजरा वापरला तर पिसं मोडतात. सापडल्याची नेमकी जागा लिहून ठेवा. बरं झाल्यावर त्याला शक्यतो तिथेच सोडतात.

काचेवर आपटलेल्या पक्ष्यालाही असंच खोक्यात तास-दोन तास ठेवा, मग बाहेर नेऊन झाकण उघडा. हवेत फेकू नका. उडाला नाही तर केंद्रात न्या. वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण रेबीजचा धोका असतो. रस्ता ओलांडणारं कासव ज्या दिशेला निघालंय त्याच बाजूला सोडा. उलट नेलं तर ते पुन्हा रस्त्यावर येतं. शेपटीला धरून उचलू नका, मणक्याला इजा होते.

केंद्रात फिरताना काचेच्या पेट्यांवर टकटक नको. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. नराला वाटतं हद्दीत कुणी घुसलंय, आणि तो घरटं सोडून त्याच्यामागे धावतो. दगड किंवा ओंडका उलटलात तर होता तसाच हळूच ठेवा, खालच्या ओलाव्यावर बरेच जीव जगत असतात. हाताला सनस्क्रीन किंवा डास पळवणारं मलम असेल तर बेडकाला हात लावू नका, त्याची त्वचा ते शोषून घेते. बुटांचा चिखल तळ्यावर जाण्याआधी घासून काढा. बेडकांचा जीवघेणा बुरशीजन्य आजार चिखलातूनही एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पोचू शकतो.

घरी नकोसं झालेलं पाळीव कासव केंद्राच्या तळ्यात गुपचूप सोडणं ही तर गंभीर चूक. ते तिथल्या कासवांच्या अन्नावर आणि ऊन खायच्या जागेवर हक्क सांगतं, शिवाय रोगही आणतं. सोडण्याऐवजी कार्यालयात विचारा. आणि कासव किंवा साप हाताळल्यावर साबणाने किमान 20 सेकंद हात धुवा. त्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो आणि लहान मुलांना त्याचा त्रास जास्त होतो.