पगार सोडून दिवसाच्या दरावर: वित्तक्षेत्रात कंत्राटी काम घेताना या चुका टाळा

बँकेतली किंवा विमा कंपनीतली कायम नोकरी सोडून कंत्राटावर जाणाऱ्याचा पहिला हिशेब ठरलेला असतो: दिवसाचा दर गुणिले २६०. वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. उत्तर पगाराच्या दीडपट, कधी दुप्पट येतं आणि राजीनाम्याचा मसुदा तयार होतो. मीही हाच गुणाकार करून बाहेर पडलो. चूक दरात नव्हती, २६० मध्ये होती.

त्या २६० मधून सार्वजनिक सुट्ट्यांचे दहा दिवस काढा. भरपगारी रजा आता नाही, पण वीस दिवस सुटी तुम्ही घेणारच, आणि घ्यायलाही हवी. आजारपणाचे पाच दिवस. दोन कंत्राटांच्या मधली पोकळी वर्षाला सहा आठवडे धरा, म्हणजे कामाचे तीस दिवस. उरले १९५. शिवाय अनेक मोठ्या बँकांची जुनी रीत आहे: डिसेंबरअखेरीस मुख्य प्रणालींमध्ये बदल करायला बंदी असते, तेव्हा खर्च वाचवायला कंत्राटी माणसांना दोन आठवडे बिनमोबदला घरी बसवतात. हे दहा दिवस तुमच्या सुटीतच बसवलेत तर ठीक, नाहीतर हाती राहतात १८५. हा आकडा २६० पेक्षा जवळपास २९ टक्क्यांनी कमी आहे. दर मागायचा तो १८५ दिवसांत वर्ष भागेल असा. निवृत्तीसाठी मालक भरत होता तो वाटा, आरोग्य विमा आणि बोनस हेही त्याच दरातून निघायला हवेत.

बोनसच्या बाबतीत घाई फार महाग पडते. वित्तक्षेत्रात बोनस जाहीर होणं आणि हातात पडणं यात अंतर असतं. पैसे जमा होतील त्या दिवशी तुम्ही नोकरीत असावं आणि राजीनामा दिलेला नसावा, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. वरिष्ठांचं दुखणं याहून खोल. २००९ मध्ये फायनान्शियल स्टॅबिलिटी बोर्ड या आंतरराष्ट्रीय संस्थेने आखलेल्या मानकांनुसार मोठ्या संस्थांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बदलत्या मोबदल्याचा, म्हणजे बोनससारख्या रकमेचा, ४० ते ६० टक्के हिस्सा किमान तीन वर्षं पुढे ढकलला जातो. स्वेच्छेने बाहेर पडलात तर न मिळालेला हिस्सा बहुधा बुडतो. म्हणून राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी जुनी बोनसपत्रं काढून ओळ न् ओळ वाचा.

मंजुरीआधी राजीनामा

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती पूर्ण टाळता येते. तोंडी होकार मिळाला, काम मिळवून देणाऱ्या एजन्सीचा अभिनंदनाचा फोन आला, म्हणजे काम मिळालं असं नाही. वित्तसंस्था कंत्राटी माणसाचीही कसून पडताळणी करतात: ओळख, शिक्षण, गुन्हेगारी नोंदी, कर्जफेडीचा इतिहास, मागच्या काही वर्षांतली प्रत्येक नोकरी आणि नोकऱ्यांमधला प्रत्येक रिकामा काळ. याला काही आठवडे लागतात. माझ्या वेळी बंद पडलेल्या एका कंपनीचा अनुभवाचा दाखला मिळेना आणि सुरुवात पाच आठवडे लांबली. नोकरी मी तोवर सोडून बसलो होतो.

नोटीस देणं भाग असेल तर निदान कागद आधी जमवा. जुन्या पगारपत्रिका, रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची पत्रं, रिकाम्या काळाचा पुरावा, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. नोकरीत असतानाच ते मागा. बाहेर पडल्यावर तुमच्या मेलला उत्तर द्यायची कुणाला घाई नसते.

पहिला पैसाही उशिरा येतो. महिनाभर काम, मग टाइमशीटची, म्हणजे कामाच्या दिवसांच्या नोंदीची, मंजुरी, मग इनव्हॉइस, मग ३० किंवा ६० दिवसांची मुदत. एक तारखेला रुजू झालात तर पहिली रक्कम दोन ते तीन महिन्यांनी दिसते. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल, तर अजून निघू नका.

कागदावर काय लिहिलंय

‘सहा महिन्यांचं कंत्राट’ ही सहा महिन्यांची हमी नाही. खरी मुदत नोटिशीच्या कलमात असते. क्लायंट आठवड्याच्या सूचनेवर काम थांबवू शकतो आणि तुम्हाला मात्र चार आठवडे आधी सांगावं लागेल, अशी एकतर्फी कलमं सर्रास असतात. ती बदलून मागता येतात. सही व्हायच्या आधी मागितलं तर बऱ्याचदा बदलूनही मिळतात.

बँक आणि तुम्ही यांच्यामध्ये अनेकदा दोन-तीन मध्यस्थ असतात. क्लायंटने पैसे दिले तरच एजन्सी तुम्हाला देणार, असं कलम असेल तर साखळीतल्या कुणाच्याही अडचणीचा भार तुमच्यावर येतो. ते काढून टाकायला सांगा. काम संपल्यावर त्याच क्लायंटकडे थेट जायला किती महिने मनाई आहे आणि नुकसानभरपाईची तुमच्यावरची मर्यादा किती, हेही पाहा. मर्यादाच लिहिलेली नसेल तर सही करू नका. व्यावसायिक दायित्वाचा विमा लागणार असेल तर त्याचा हप्ता दरात धरा.

मग प्रश्न येतो दर्जाचा: कायद्याच्या नजरेत तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक की नावापुरते कंत्राटी कर्मचारी? नियम प्रत्येक देशात वेगळे, पण कसोट्या बऱ्याचशा सारख्या. काम कसं करायचं हे कोण ठरवतं? तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो का? काम देण्याचं आणि घेण्याचं बंधन दोन्ही बाजूंवर आहे का? ब्रिटनमध्ये १९६८ च्या ‘रेडी मिक्स्ड काँक्रीट’ निकालापासून हेच प्रश्न विचारले जातात. स्वतःची कंपनी काढून प्रत्यक्षात कर्मचाऱ्यासारखं काम करणाऱ्यांवर कर्मचाऱ्यासारखा कर लावणारा तिथला आयआर ३५ हा नियम २००० मध्ये आला. दर्जा ठरवण्याची जबाबदारी २०१७ मध्ये सरकारी आणि एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या व मध्यम खासगी क्लायंटवर गेली. ती तारीख जवळ येताच अनेक बँकांनी स्वतःची कंपनी काढून काम करणाऱ्यांना घेणंच बंद केलं. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने वर्षानुवर्षं ‘तात्पुरत्या’ ठेवलेल्या लोकांचा दावा २००० मध्ये ९.७ कोटी डॉलर देऊन मिटवला. एकाच ठिकाणी ठरावीक महिन्यांपलीकडे कंत्राटावर राहू न देण्याचा नियम तुम्हाला भेटेल, त्यामागे अशा दाव्यांची भीती आहे.

करसल्लागाराला कंत्राट दाखवायचं ते सही करण्याआधी. आणि कागदावर स्वतंत्र पण प्रत्यक्षात कर्मचारी, असं वागू नका. तपासणीत प्रत्यक्ष वागणं मोजलं जातं. कर्मचाऱ्यांच्या रजा मंजूर करणं, त्यांचं वार्षिक मूल्यमापन लिहिणं, ठरलेल्या कामाबाहेरची ‘जरा एवढं बघ ना’ छापाची कामं अंगावर घेणं, ही कायम नोकरीची सवय आहे. चांगल्या मनाने केलेली असली तरी ती दर्जाला बाधते. वर मूळ काम मागे पडतं ते वेगळंच.

नियामकाचं कॅलेंडर

वित्तक्षेत्रातलं बरंचसं कंत्राटी काम नियमांच्या तारखांवर उगवतं आणि मावळतं. गुंतवणूक बाजारांचा मिफिड-२ हा कायदा युरोपात ३ जानेवारी २०१८ ला लागू झाला. विमा कंपन्यांचं आयएफआरएस १७ हे लेखामानक १ जानेवारी २०२३ पासून आलं. लायबॉर म्हणजे कर्जांचे व्याजदर ज्याला जोडलेले असत तो संदर्भ दर; डॉलर लायबॉरचे बँकांच्या पॅनेलवर ठरणारे उरलेले दर ३० जून २०२३ ला थांबले. अमेरिकेत शेअरव्यवहार एका दिवसात पुरे करण्याची टी प्लस वन पद्धत २८ मे २०२४ ला सुरू झाली. डिजिटल सुरक्षिततेचा युरोपीय कायदा, डोरा, १७ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. युरोपीय संघ आणि ब्रिटन यांनी टी प्लस वनसाठी ११ ऑक्टोबर २०२७ ही तारीख धरली आहे.

अशा प्रत्येक तारखेआधी साधारण एकच क्रम दिसतो. आधी नियम वाचून गरजा लिहिणारे विश्लेषक, मग डेव्हलपर, मग चाचणी करणारे आणि शेवटी राहिलेलं निस्तरणारे थोडे जण. तारीख उलटली की मागणी आटते. नवखा कंत्राटदार मागणी शिगेला असताना शिरतो आणि ती टिकेल असं धरून चालतो. जुलै २०२३ नंतर ज्यांच्या बायोडेटावर फक्त ‘लायबॉर ट्रान्झिशन’ होतं, त्यांना पुढचं काम शोधणं अवघड गेलं. काम मात्र त्यांनी मोलाचं केलं होतं: हजारो करारांतली कलमं वाचणं, त्यातला डेटा वेगळा काढणं, मूल्यांकनाची मॉडेल बदलणं. तेच तसं लिहिलं असतं तर कुठेही चाललं असतं. बायोडेटात नियमाचं नाव एकदाच येऊ द्या. जागा कौशल्याला द्या.

जुनी फाइल, नवं टेबल

आधीच्या नोकरीत बनवलेली एक्सेल शीट, कोड, टेम्पलेट स्वतःला मेल करू नका. ते तुमच्या हातचं असलं तरी मालकीचं नाही. बँकांच्या प्रणाली असे मेल टिपतात आणि नवी सुरुवात चौकशीने होते. स्वतःच्या नावावरच्या शेअरव्यवहारांचे निर्बंध कंत्राटी माणसालाही लागू होऊ शकतात. पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

अडलंच तर

पैसे अडकले असतील, तर आधी टाइमशीटची मंजुरी तपासा. बहुतेक वेळा मंजूर करणारा रजेवर असतो आणि दुसरं नाव दिलेलं नसतं. मंजुरी झालेली असेल तर एजन्सीला इनव्हॉइस क्रमांक आणि देय तारीख टाकून लेखी विचारा. फोनवरचं आश्वासन पुरावा होत नाही.

दरकपातीचं पत्र आलं तर ते मनाला लावून घेऊ नका. २००८ च्या संकटानंतर मोठ्या बँकांनी सगळ्या कंत्राटदारांचे दर सरसकट कमी केले, अनेकदा दहा टक्क्यांनी. कोण किती चांगलं काम करतो हा त्यात प्रश्नच नव्हता. पुन्हा तो १८५ दिवसांचा हिशेब काढा. त्यात कपात बसत असेल तर बदल्यात मोठी मुदत किंवा दोन्ही बाजूंना सारखी नोटीस मागा. बसत नसेल तर चालू काम नीट पुरं करून निघा.

आणि मुदतवाढ. कंत्राट संपायला आठ आठवडे असताना मॅनेजरला एकच प्रश्न विचारा: पुढच्या तिमाहीच्या बजेटात माझी जागा मंजूर झाली आहे का? ‘होईल, काळजी करू नका’ हे उत्तर नकार समजून त्याच संध्याकाळी दोन जुन्या सहकाऱ्यांना आणि दोन एजन्सींना कळवा. मॅनेजर खोटं बोलत नसतो, पण बजेट त्याच्या हातात नसतं. मुदतवाढ मिळालीच, तर ज्यांना कळवलं होतं त्यांना आभाराची एक ओळ आणि पुन्हा मोकळे होण्याची नवी तारीख पाठवा.